न दुखणारं मोडलेलं हाड

आज आपण हाडांबद्दल बोलणार आहोत, पण म्हातारपणी कंबर वाकते त्या दुखण्याबद्दल नाही. चिंचेच्या झाडावरून, माळवदावरून, विहिरीच्या कठड्यावरून पडून, नाहीतर मोटारसायकलच्या किंवा ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या अपघातात ज्यांच्या पाठीच्या कण्याला मार बसला आणि कमरेखालचं, कुणाचं छातीखालचं अंग लुळं पडलं, त्यांच्या पायांच्या हाडांबद्दल बोलायचं आहे. अशी माणसं आपल्या आसपासच्या गावांत आहेत. ती पडवीत किंवा मागच्या खोलीत असतात म्हणून दिसत नाहीत, एवढंच. त्यांना उचलणं, फिरवणं, धुणं-पुसणं, कपडे चढवणं हे सगळं आई, बायको, सून, नाहीतर जाऊ करते. म्हणून हा विषय आम्ही बायकांच्या कार्यक्रमात घेतला.

पाठीचा कणा म्हणजे एकावर एक रचलेले मणके. त्यांच्या पोकळीतून मेंदूपासून कमरेपर्यंत एक जाड दोरी खाली येते, तिला मज्जारज्जू म्हणतात. मेंदूचा हुकूम पायापर्यंत आणि पायाची खबर मेंदूपर्यंत तिच्यातूनच जाते. मणका मोडून ही दोरी चेपली किंवा फाटली की खालच्या अंगाची हालचाल जाते आणि स्पर्शही जातो. लघवी-संडासचा ताबा जातो. एवढं घरच्यांना दवाखान्यात सांगतात. पायांची हाडं आतून पोकळ होत जाणार आहेत, हे मात्र बहुतेक घरांना कुणी सांगितलेलं नसतं. आम्ही अशा घरांमध्ये जाऊन बसलो तेव्हा 'हे आम्हाला आजच कळतंय' हेच वाक्य जास्त ऐकलं.

हाड कसं पोकळ होतं ते आधी समजून घेऊ. आपल्याला वाटतं हाड म्हणजे दगड, एकदा घडलं की घडलं. तसं नाही. हाड जिवंत असतं. मातीच्या घराची भिंत कशी, पावसाळ्यात थोडी झडते आणि आपण पुन्हा लिंपून घेतो, तसंच हाडात रोज चाललेलं असतं. काही पेशी जुनं हाड पोखरून काढतात, काही नवं भरतात. कुठे किती भरायचं हे ठरतं हाडावर पडणाऱ्या भारावरून. आपण उभ्या राहतो, चालतो, डोक्यावर हंडा घेतो, स्नायू हाडाला ओढतात, तेव्हा शरीराला समजतं की या हाडाची गरज आहे. पाय लुळे पडले की हा निरोप बंद होतो. पोखरणं चालू राहतं, उलट वाढतं, आणि लिंपणं मागे पडतं.

अवकाशात गेलेल्यांचंही असंच होतं. सुनीता विल्यम्स नऊ महिन्यांनी परत आल्या तेव्हा त्यांना स्ट्रेचरवरून नेताना टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं. तिथे अंगावर भारच नसतो, म्हणून रोज व्यायाम करूनही खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला एक-दीड टक्क्यापर्यंत कमी होऊ शकते. मज्जारज्जूला पूर्ण इजा झालेल्या माणसाच्या पायांत ही झीज त्याहूनही वेगानं होते. ती पहिल्या काही आठवड्यांतच सुरू होते आणि पहिल्या वर्ष-दोन वर्षांत सगळ्यात जोरात असते. नंतर वेग मंदावतो, पण तोवर बरंच गेलेलं असतं. सगळ्यात जास्त जातं ते गुडघ्याच्या आसपास, म्हणजे मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीचं वरचं टोक. वाळलेलं घोसाळं फोडलं की आत जशी जाळी दिसते तशी या टोकांच्या आत हाडाची जाळी असते. ती आधी विरते. काही वर्षांत तिथलं निम्मं हाड गेलेलं असू शकतं.

हातांचं हाड मात्र चांगलं राहतं, कारण हात चालतात. पंचविशीतला दणकट हाताचा मुलगा व्हीलचेअर जोरात पळवतो आणि त्याच्या गुडघ्याचं हाड ऐंशी वर्षांच्या आजीपेक्षा ठिसूळ असतं. बाहेरून काही कळत नाही.

आता एका घरातली गोष्ट सांगतो. नाव-गाव सांगणार नाही. बाई चौतीस वर्षांची. वैरणीचा भारा घेऊन शिडीवरून उतरताना पडली, पाठीचा मणका मोडला, दोन्ही पाय गेले. तीन वर्षं झाली होती. तिची जाऊ रोज तिला बाजेवरून व्हीलचेअरवर घ्यायची. एका सकाळी उचलताना पाऊल खुर्चीच्या पायपट्टीत अडकलं आणि अंग वळलं. जावेला 'कट' असा आवाज आला. बाईला काहीच दुखलं नाही, म्हणून दोघी हसल्यासुद्धा, खुर्ची मोडली की काय म्हणून. संध्याकाळपर्यंत गुडघा सुजला आणि हाताला गरम लागायला लागला. रात्री पायाला नेहमीपेक्षा जास्त झटके आले. दुसऱ्या दिवशी गावातल्या दवाखान्यात जंतुसंसर्ग म्हणून इंजेक्शन दिलं. पाचव्या दिवशी तालुक्याला एक्स-रे काढला तेव्हा मांडीचं हाड गुडघ्याच्या वर मोडलेलं निघालं. तिथे कुणीतरी म्हणालं, 'तिला कुठे चालायचंय, राहू द्या.' कच्चं-पक्कं प्लास्टर घट्ट बांधून घरी पाठवलं. आत टाच घासली गेली, तिला कळलं नाही. प्लास्टर काढलं तेव्हा टाचेला खोल जखम होती आणि ती भरायला चार महिने गेले.

या सगळ्यात घरात बोललं काय गेलं? 'जावेनं पाडलं.' ती बाई आमच्यासमोर रडत होती. तीन वर्षं जिनं उचललं तिच्यावर ठपका. म्हणून हे स्पष्ट सांगायचं आहे. निरोगी हाड असं मोडत नाही. ते आधीच पोकळ झालं होतं. अशा माणसांची हाडं खुर्चीवरून पलंगावर घेताना, अंथरुणात कूस बदलताना, पायजमा चढवताना, कधी व्यायाम देतानाही मोडतात. बऱ्याच वेळा काय निमित्त झालं तेसुद्धा आठवत नाही. सांभाळणारीला आधी माहिती मिळायला हवी होती आणि रुग्णाची वेळेवर तपासणी व्हायला हवी होती. दोन्हीतलं काहीच झालं नव्हतं.

मग तपासणीचं सांगतो. हाडांची घनता मोजण्याच्या यंत्राला डेक्सा म्हणतात, लिहिताना काहीजण डेक्सा स्कॅन किंवा बीएमडी असं लिहितात. माणसाला सपाट टेबलावर झोपवतात, वरून एक दांडा सरकतो, दोन प्रकारचे अगदी सौम्य क्ष-किरण जातात आणि हाडात खनिज किती आहे ते मोजलं जातं. सुई नाही, नळी नाही, बोगद्यात जायचं नाही. किरण छातीच्या साध्या एक्स-रेपेक्षाही कमी असतात. तरी पोटात बाळ असेल किंवा शंका असेल तर आधी सांगायचं. वेळ पंधरा-वीस मिनिटं.

इथे एक गफलत होते ती लक्षात ठेवा. नेहमीच्या डेक्सात कमरेचे मणके आणि खुबा एवढंच तपासतात, कारण हे यंत्र वय झालेल्या बायकांसाठी जास्त वापरलं जातं. पण मज्जारज्जूच्या रुग्णाच्या कमरेचे मणके पुष्कळदा ठीक दिसतात. एक तर बसल्यामुळे त्यांच्यावर भार येतच असतो. दुसरं, मणका मोडला तेव्हा आत स्क्रू-सळया बसवल्या असतील किंवा हाडाची वेडीवाकडी वाढ झाली असेल तर यंत्र तेही हाड म्हणून मोजतं आणि आकडा खोटा चांगला येतो. रिपोर्टवर 'नॉर्मल' लिहून येतं, घरचे निर्धास्त होतात, आणि गुडघ्याजवळचं हाड तर कुणी पाहिलेलंच नसतं.

म्हणून २०१९ साली हाडांची घनता मोजणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं या रुग्णांसाठी वेगळं सांगितलं आहे. खुबा, मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीचं वरचं टोक या तीन जागा तपासाव्यात. इजेनंतर तब्येत स्थिरावली की लगेच पहिली तपासणी करावी, आणि नंतर उपचार चालू असतील किंवा धोका दिसत असेल तर वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा. गुडघ्याजवळ मोजण्याची सोय प्रत्येक केंद्रात नसते. फोन करून विचारायचं, 'गुडघ्याजवळची घनता मोजता का?' नाही म्हणाले तर निदान दोन्ही खुब्यांचं माप घ्यायला सांगायचं. नुसत्या कमरेच्या मापावर पैसे घालू नका.

जाण्याआधी आणखी काय विचारायचं? यंत्राच्या खोलीपर्यंत व्हीलचेअर जाते का, टेबलावर घ्यायला माणूस मिळेल का. आपण दोघी बरोबर जावं, एकटीनं उचलण्याचं धाडस करू नये. आधी चोवीस तास कॅल्शियमची गोळी द्यायची नाही. नुकताच रंगद्रव्य देऊन सीटी स्कॅन झाला असेल तर तसं सांगायचं, काही दिवस थांबावं लागतं. लघवीची पिशवी रिकामी करून घ्यायची. टेबल कडक असतं, म्हणून माकडहाडाखाली आणि टाचांखाली मऊ काही ठेवता येईल का विचारायचं आणि घरी आल्यावर तिथली कातडी लाल झाली आहे का ते बघायचं. गुडघे आखडलेले असतील तर पाय जोरानं सरळ करू द्यायचा नाही. तंत्रज्ञाला आधीच सांगायचं, 'याला समजत नाही, हळू धरा.' पुढच्या वेळी शक्यतो त्याच केंद्रावर, त्याच यंत्रावर जायचं, नाहीतर दोन आकड्यांची तुलना होत नाही.

रिपोर्टमध्ये टी-स्कोअर आणि झेड-स्कोअर असे दोन आकडे असतात. टी-स्कोअर म्हणजे तरुण निरोगी माणसाच्या तुलनेत आपलं हाड किती खाली आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९४ साली त्याची मापं ठरवली. उणे एकपर्यंत ठीक, उणे एक ते उणे अडीच म्हणजे हाड विरळ होतंय, आणि उणे अडीच किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाड ठिसूळ. पाळी चालू असलेल्या बाईसाठी आणि पन्नाशीच्या आतल्या पुरुषासाठी झेड-स्कोअर बघतात. तो आपल्याच वयाच्या माणसांशी तुलना करतो, आणि उणे दोन किंवा खाली असेल तर वयाच्या मानानं हाड कमी आहे असं धरतात. हे पाठ करायची गरज नाही. पण कागद हातात घेऊन डॉक्टरांना 'हा आकडा कुठल्या हाडाचा?' एवढं विचारता आलं पाहिजे.

गावात अधूनमधून मोफत हाडतपासणीचं शिबिर येतं. टाच एका छोट्या यंत्रात ठेवतात, चिठ्ठी देतात आणि सोबत कॅल्शियमच्या बाटल्या विकायला असतात. त्या यंत्रावरून ऑस्टिओपोरोसिसचं निदान ठरवत नाहीत. लुळ्या पायाच्या माणसाला तर त्या रांगेत नेऊच नये.

कॅल्शियमचं बोलणं निघालंच आहे तर सांगतो. हाड पोकळ होतंय म्हटलं की पहिला विचार येतो गोळ्यांचा. पण सुरुवातीच्या महिन्यांत हाडातून सुटलेलं कॅल्शियम रक्तात आणि लघवीत उतरत असतं. लघवीला नळी असते, पाणी कमी प्यायलं जातं, त्यात वरून कॅल्शियम ओतलं तर मूतखडा व्हायला वेळ लागत नाही. कोवळ्या वयाच्या मुलांमध्ये तर रक्तातलं कॅल्शियम इतकं वाढतं की मळमळ, उलट्या, सारखी तहान, भरपूर लघवी आणि सुस्ती येते. घरच्यांना वाटतं मनानं खचलाय म्हणून जेवत नाही. असं दिसलं तर रक्ताची तपासणी करायला सांगा. गोळी द्यायची का, किती द्यायची हे डॉक्टरांवर सोडा.

जेवणातलं कॅल्शियम उगाच बंद करू नका. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण हजार मिलिग्रॅम लागतं, पाळी गेलेल्या बाईला थोडं जास्त. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिळतं, पेलाभर गाईच्या दुधात दोनशेच्या वर. तिळाची चटणी, शेवग्याच्या पाल्याची भाजी, राजगिऱ्याचा पाला, ताक हे सगळं आपल्या घरात असतंच. फक्त घरात दूध उरलं तर आधी पुरुषांना आणि पोरांना, आणि अंथरुणावरच्या बाईला चहापुरतं, असं बऱ्याच ठिकाणी दिसतं. त्यावर आम्ही जास्त बोलत नाही, तुम्हाला समजतंय. डाळी, कडधान्यं, जमलं तर अंडं हेही हवं, कारण हाडाची जाळी प्रथिनांवरच उभी असते.

ड जीवनसत्त्वाशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही. इतकं ऊन असलेल्या आपल्या देशात ते बहुतेकांत कमी असतं, आणि खोलीत पडून असलेल्या माणसात तर असणारच. रक्तात मोजता येतं. कमी निघालं तर साठ हजार युनिटची पुडी किंवा गोळी देतात, ती साधारणपणे आठवड्यातून एकदा असते. रोज एक घेतलेल्या घरांबद्दल आम्ही ऐकलं आहे. ते घातक आहे, त्यानं रक्तात कॅल्शियम वाढून किडनीवर ताण येतो. उन्हात बसवायचं तर हातापायांवर ऊन पडू द्या, डोकं सावलीत ठेवा. इजा मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात असेल तर खालच्या अंगाला घाम येत नाही आणि अंग पटकन तापतं, म्हणून थोडा वेळच. आणि उन्हात तापलेल्या खुर्चीच्या लोखंडी दांड्याला पाय टेकला तर भाजेल आणि समजणारही नाही, तेवढं बघा.

तंबाखू आणि मिश्री दोन्ही हाडाला वाईट. सांभाळणारी आणि सांभाळून घेणारी दोघी सकाळी मिळून मिश्री लावतात हे आम्हाला माहीत आहे, म्हणूनच म्हटलं. पाळी गेल्यावर हाडांची झीज आणखी वाढते. ऊसतोडीच्या पट्ट्यात कमी वयात गर्भपिशवी काढलेल्या कितीतरी बायका आहेत, सोबत अंडाशयंही काढली असतील तर झीज लवकर सुरू होते. अशी बाई मणक्याच्या दुखापतीनं अंथरुणावर आली असेल तर ऑपरेशनचा कागद हाडांच्या डॉक्टरांना आवर्जून दाखवा.

औषधं आहेत. हाड पोखरणाऱ्या पेशींना आवर घालणारी, त्यांना बिस्फॉस्फोनेट म्हणतात. एक आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी असते, अ‍ॅलेंड्रोनेट. ती सकाळी उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास ताठ बसावं लागतं, नाहीतर अन्ननलिका जळते. ज्याला ताठ बसताच येत नाही त्याला ती चालत नाही. दुसरं झोलेड्रोनिक अ‍ॅसिड, वर्षातून एकदा शिरेतून सलाइनसारखं देतात. पहिल्या वेळी एक-दोन दिवस ताप आणि अंगदुखी येते, घाबरायचं नाही. इजेनंतर लवकर दिलं तर खुब्याचं हाड वाचवायला त्याची मदत होते, गुडघ्याजवळ तेवढी खात्री नाही. देण्याआधी किडनी, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासलंच पाहिजे. दात काढायचा असेल तर तो आधी काढून घ्यावा. आणखी एक गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घाला: किडनीसाठी जे क्रिएटिनिन बघतात ते स्नायूंवर अवलंबून असतं, आणि पायांचे स्नायू सुकलेले असल्यामुळे ते वाजवीपेक्षा चांगलं दिसू शकतं. तिसरं औषध दर सहा महिन्यांनी पोटावर किंवा दंडावर टोचतात, डेनोसुमॅब. ते सुरू करून पैसे नाहीत म्हणून मध्येच सोडलं तर हाड झपाट्यानं जातं आणि मणके मोडू शकतात. खर्च निभणार आहे का ते आधी बघूनच हो म्हणा. आणि मूल हवं असलेल्या बाईनं यातलं कुठलंही औषध घेण्याआधी तसं डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे.

आता रोजच्या उचलण्याचं. खुर्चीचे दोन्ही ब्रेक लावा. पायपट्ट्या काढा किंवा बाजूला वळवा. दोन्ही पावलं मोकळी आहेत का ते डोळ्यांनी बघा, मगच अंग हलवा. अंग वळेल तेव्हा पाऊलही वळलं पाहिजे, ते जागीच अडकून राहिलं की सगळा पीळ गुडघ्याच्या वर येतो. घोटा धरून पाय ओढू नका. एक हात गुडघ्याखाली, एक टाचेखाली घालून पाय उचला. पायजम्यापेक्षा सैल गाऊन किंवा लुंगी बरी. जेवायला सगळ्यांबरोबर बसावं म्हणून जबरदस्तीनं मांडी घालून बसवू नका. व्हीलचेअर खडबडीत वाटेवर नेताना पुढची लहान चाकं खड्ड्यात अडकतात आणि माणूस गुडघ्यावर पालथा पडतो, म्हणून खुर्चीला कमरेचा पट्टा लावा आणि वाट वाईट असेल तिथे खुर्ची मागे झुकवून मोठ्या चाकांवर न्या. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेतात, पाय लोंबकळत असतात. ते टाळता येईल तितकं टाळा.

मालिशवाल्याबद्दल आम्हाला दरवेळी विचारतात. हलक्या हातानं तेल लावायला कुणाची ना नाही. पण पाय पिळणं, गुडघा कडकड मोडणं, 'नस मोकळी करणं' यात हाड मोडलेलं आहे. आणि दोन-चार वर्षं न उभ्या राहिलेल्या माणसाला दोन्ही काखांत धरून एकदम उभं करणं, 'जोर लाव, जमेल' म्हणणं, हे प्रेमापोटी होतं, तरी नको. उभं राहण्याची चौकट, कॅलिपर, विजेच्या झटक्यानं पाय चालवणारी सायकल या गोष्टी आहेत, काहींना त्यांचा फायदाही होतो. पण सुरू करण्याआधी हाडांची घनता बघून फिजिओथेरपिस्टनं ठरवायचं. रोजचे हलके व्यायाम मात्र बंद करू नका, सांधे आखडले की उचलणं आणखी अवघड होतं.

एवढं करूनही हाड मोडू शकतं. तेव्हा ओळखायचं कसं, कारण दुखणार तर नाही. एका पायाला अचानक सूज, ऊब, लाली. पाय वेगळ्याच दिशेला वळलेला किंवा आखूड दिसणं. हलवताना करकर. बारीक ताप. नेहमीपेक्षा जास्त झटके किंवा ताठरपणा. इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर असेल तर एकदम ठणकणारं डोकं, चेहरा लाल, वरच्या अंगाला घाम, आणि रक्तदाब भडकलेला. हे जीवावरचं असतं. ताठ बसवा, कपडे सैल करा, लघवीची नळी मुडपली किंवा तुंबली आहे का बघा, आणि १०८ ला फोन लावा. बाकीच्या खुणा दिसल्या तर चोळू नका, शेकू नका, पाय सरळ करू नका. त्याच अवस्थेत गुडघ्याच्या दोन्ही बाजूंनी उशा किंवा घडी केलेली गोधडी लावून हलकं बांधा आणि एक्स-रेला न्या. सूज हाड मोडल्याची नसेल तर शिरेत रक्ताची गाठ असू शकते, तिथेही चोळणं जीवघेणं ठरतं. म्हणजे कसंही बघितलं तरी जायचंच आहे.

दवाखान्यात सरळ सांगा, 'याला मज्जारज्जूची इजा आहे, पायाला संवेदना नाही, एक्स-रे काढा.' प्लास्टर घालणार असतील तर आत भरपूर कापूस, टाच आणि घोटा मोकळा, किंवा रोज उघडून कातडी बघता येईल असा आधार मागा. 'चालत नाही मग कशाला' असं कुणी म्हणालं तर उत्तर तयार ठेवा. वाकडं जुळलेलं हाड खुर्चीत नीट बसू देत नाही, एका बाजूला भार पडतो आणि बसण्याच्या जागी बेडसोर होतो.

खर्चाचं आणि जाण्या-येण्याचं गटात ठरवता येईल. डेक्सा यंत्र मोठ्या शहरांत, वैद्यकीय महाविद्यालयांत आणि खाजगी केंद्रांत असतं, दर वेगवेगळे, म्हणून दोन-तीन ठिकाणी फोन करा. जिल्ह्याच्या सिव्हिलला हाडांच्या विभागात कागद दाखवून चिठ्ठी घ्या. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसनाची मोठी संस्था आहे, तिथेही विचारता येईल. दिव्यांगत्वाचं युडीआयडी कार्ड अजून काढलं नसेल तर आशाताईला धरा, एसटीच्या सवलतीला आणि साहित्य मिळवायला ते लागतं. एका गटानं गाडीभाड्यासाठी आपल्या बचतीतून बिनव्याजी रक्कम काढली आणि सोबतीला दोघी जणी पाठवल्या. ज्या घरात सांभाळणारी एकटीच आहे तिथे पैशापेक्षा त्या दोघी जास्त उपयोगी पडल्या.

मागच्या कार्यक्रमानंतर एका ताईंचा फोन आला होता. नवऱ्याला इजा होऊन अकरा वर्षं झाली, आता तपासून काय उपयोग, असं त्या विचारत होत्या. ताई, गेलेलं हाड बहुतेक परत येत नाही, हे खरं. औषधाचा फायदाही सुरुवातीला जास्त असतो. तरी तपासून घ्या. गुडघ्याजवळ हाड किती उरलंय ते कळलं की त्यांना उभं करायच्या चौकटीत घालायचं की नाही, मुलांनी त्यांना एकट्यानं उचलायचं की दोघांनी, हे ठरवता येईल. ड जीवनसत्त्व कमी असेल तर ते अकरा वर्षांनीही भरून काढता येतं. आणि तुम्ही म्हणालात की गेल्या वर्षी त्यांचा डावा पाय महिनाभर सुजला होता आणि आपोआप उतरला. त्या पायाचा एक साधा एक्स-रे आधी काढून घ्या, डेक्सा नंतर.